सातव्या ब्रॅकेटचे चार बोल्ट

१

सकाळी साडेसातला हँगरचं दार एकदा चालवून बघावं म्हणून ते बसवणारा ठेकेदार, साइटवरचा 'दारवाला', बटणापाशी गेला, आणि बटण न दाबताच मागे फिरला. सहा पल्ल्यांपैकी चौथा पल्ला कोणीतरी साखळीने जमिनीतल्या खुंटाला जखडून ठेवला होता. चाकाखाली लाकडी पाचरही ठोकलेली. हा उद्योग कोणाचा, म्हणून त्याने मान वर केली. बारा मीटर उंचीवर, दाराची वरची कड धरून ठेवणाऱ्या सातव्या ब्रॅकेटमध्ये बोल्टच नव्हते. चार लांबट भोकं होती आणि त्यांतून बाहेरचा उजेड दिसत होता.

दारवाला तडक बाईंकडे आला. बाई साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत चहाचा पहिला घोट घेत होत्या. तो चहा मग तसाच राहिला.

बाई म्हणजे ह्या हँगरच्या डिझायनर. कागदावर त्यांनीच काढला आणि अडीच वर्षं इथे तळ ठोकून त्यांनीच बांधून घेतला. गावापुरता विमानतळ; इथलं विमान बिघडलं तर आजवर ते उघड्यावर ताडपत्री धरून दुरुस्त व्हायचं, नाहीतर रिकामंच दूरच्या मोठ्या विमानतळावर जायचं. आता छत्तीस मीटर रुंदीचं दार, आत सत्तर जणांचं विमान शेपटासकट मावेल एवढी जागा, आणि मध्ये औषधालासुद्धा खांब नाही. बाई रोज सकाळी आत जाऊन एकदा वर बघायच्या. आपल्याच पोराकडे किती वेळ बघावं असं कोणी चिडवलं तर म्हणायच्या, "माझं आहे, मी बघणार."

अकरा वाजता परवाना देणारे अधिकारी यायचे होते. त्यांची सही झाली की बारा वाजता पहिलं विमान आत यायचं होतं.

विमानतळाचे साहेब पाच मिनिटांत हजर झाले. वर बघितलं, खाली बघितलं आणि निकाल देऊन मोकळे झाले.

"यात शोधायचं काय? माणूस वर नेणाऱ्या लिफ्टची चावी एकाच माणसाकडे असते. मिस्त्रीकडे. सकाळी सहाला तो आत आलाय, गेटवर नोंद आहे. नवीन चार बोल्ट लावून टाका, अकराच्या आत. आणि मिस्त्रीला मी गेटबाहेर काढतो. पोलिसांचं नंतर बघू."

"मिस्त्री काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"काही नाही म्हणत. तोंडाला कुलूप."

हे मात्र बाईंना खरंच वाटेना. मिस्त्री म्हणजे फिटरांचा म्होरक्या. चौतीस वर्षं लोखंड जोडण्यात गेलेली. कामावर बोलायला लागले की समोरचा पळून जाईस्तोवर बोलत. त्या उभ्या पावलीच अवजारांच्या खोलीत गेल्या. मिस्त्री बाकावर बसले होते, हात मांडीवर, नजर जमिनीवर.

"मिस्त्री, बोल्ट तुम्ही काढलेत?"

"मला काही सांगायचं नाही, बाई."

"साहेब तुम्हाला चोर म्हणून बाहेर काढतायत. चौतीस वर्षांवर पाणी पडेल."

"पडू दे," मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

बाई बाहेर आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "मला पावणेअकरापर्यंत वेळ द्या. तोवर बोल्टला कोणी हात लावायचा नाही आणि मिस्त्रींनाही."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर अधिकाऱ्यांपुढे मी सही करणार नाही. माझ्या सहीशिवाय त्यांची होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पण घड्याळ बघून त्यांनी मान हलवली.

२

पहिला संशय अर्थात दारवाल्यावर. त्याचं आणि मिस्त्रींचं गेले पंधरा दिवस विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. तिसरा पल्ला सरकताना हिसका देतो, तो मोटरमुळे की रुळामुळे, ह्यावर दोघांनी सगळी साइट डोक्यावर घेतली होती. आज दार चाललंच नाही तर हिसका कोणाला दिसणार नव्हता.

"बाई, मी भांडखोर असेन, पण असला हलकट नाही," दारवाला म्हणाला. "आणि डोकं तरी लावा. मला पल्ला अडवायचा असता तर मी कंट्रोलच्या पेटीला कुलूप लावलं असतं. चावी माझ्या खिशातच असते. घाम गाळत साखळदंड कशाला ओढत बसू?"

"मग साखळी कोणी बांधली असेल?"

"ज्याला पल्ला पडायची भीती होती त्याने. नऊ टनांचा पल्ला आहे. वरचं ब्रॅकेट सुटलं आणि कोणी दार चालवलं, तर तो कलंडायला वेळ लागायचा नाही. बांधलाय मात्र बेस्ट. मलासुद्धा इतका नीट बांधता आला नसता." भांडणाऱ्या माणसाच्या तोंडून एवढं कौतुक निघालं म्हणजे बांधणाऱ्याचं काम खरोखरच चांगलं असणार, हे बाईंनी मनात टिपून ठेवलं.

दुसरा माणूस जावईबापू. हा हँगरचा गुणवत्ता तपासनीस, वय जेमतेम तिशीचं, स्वभावाने सरळ. मिस्त्रींची एकुलती एक लेक ह्याला दिलेली, म्हणून अख्खी साइट त्याला जावईबापूच म्हणायची. त्याचं खरं नाव पगार देणाऱ्यालाच काय ते ठाऊक. कामावर सासरा-जावई एकमेकांशी इतक्या अदबीने बोलत की पोरं त्यांच्या नकला करत. "जावईबापू, जरा तपासून घेता का?" "घेतो की बाबा, तुमचा चहा होऊ द्या."

दोघांची कामाची पद्धत बाईंनीच घालून दिलेली. फिटरने बोल्ट पुरता आवळला की बोल्टचं टोक, नट आणि खालचं लोखंड अशा तिन्हींवरून एक सरळ पांढरी रेघ ओढायची. मग तपासनिसाने आपल्या पान्याने आवळ तपासायची आणि शेजारी लाल रेघ ओढायची. पुढे नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि खालूनही कळतं. पांढरी मिस्त्रींची, लाल जावईबापूंची.

"सातवं ब्रॅकेट तुम्ही तपासलं होतं?" बाईंनी विचारलं.

"सगळी बारा तपासली," तो ताठ मानेने म्हणाला. "सातव्यावर माझी लाल रेघ होती. गेल्या महिन्यात छताचे पत्रे चढल्यावर मी ओळीने फिरलो, तेव्हा डोळ्यांनी पाहिली."

"पाहिली, की ओढली?"

"म्हणजे?" जावईबापू गोंधळला. "लाल दिसली म्हणजे तपासलेलंच असतं ना, बाई. लाल दुसरं कोण ओढणार?"

तो खोटं बोलत नव्हता. बाईंनी माणसं कमी आणि लोखंड जास्त पाहिलं होतं, पण एवढं त्यांना कळत होतं. त्याने जाता जाता विचारलं, "बाई, बाबांना खरंच काढणार? घरी काय सांगू मी?"

आता साडेनऊ वाजले होते. बाईंनी सुरक्षेचा पट्टा चढवला आणि लिफ्टची चावी मागितली.

३

लिफ्ट वर चढत गेली तसा हँगर खाली पसरत गेला. करडी, आरशासारखी फरशी, तिच्यावर विमानाच्या पुढच्या चाकासाठी ओढलेला पिवळा पट्टा, दोन्ही बाजूंना दुरुस्तीचे मचाण. बाईंना एरवी इथून बघताना छाती भरून यायची. आजही आली, आणि त्याच क्षणी रागही आला. हे सगळं चार बोल्टांवर अडावं?

सातवं ब्रॅकेट दारावरच्या मोठ्या आडव्या लोखंडी तुळईच्या, म्हणजे गर्डरच्या, मधल्या जोडाला अगदी खेटून होतं. खालच्या छोट्या टेकूवर ते नुसतं बसून होतं. बाईंनी बॅटरी लावली.

पहिली गोष्ट त्यांना दिसली नाही, आणि ती दिसली नाही हेच नवल होतं. भोकांभोवतीच्या रंगावर एक ओरखडा नव्हता. त्या जातीचा बोल्ट पुरता आवळला की सोडवताना दोन माणसांचा जोर लागतो. नट रंग खरवडतच फिरतो, पाना एकदा तरी सटकतो. इथे रंग कोरा करकरीत होता.

बाईंनी शेजारचं सहावं ब्रॅकेट पाहिलं. तिथे प्रत्येक बोल्टाशेजारी लोखंडावर दोन रेघांची टोकं, एक पांढरी, एक लाल. मग पुन्हा सातवं. चार भोकं, चार लाल टोकं. पांढरं एकही नव्हतं.

त्यांनी बॅटरी आणखी जवळ नेली. जावईबापूचा हात सढळ. लाल रंग त्याच्या ब्रशातून नेहमी थोडा ओघळायचा. सहाव्या ब्रॅकेटवरचे ओघळ सरळ खाली आले होते, जसे यायला हवेत तसे. सातव्यावरचे चारही ओघळ आडवे होते, डावीकडून उजवीकडे.

बाई कितीतरी वेळ त्या आडव्या ओघळांकडे बघत राहिल्या. रंग काही आपल्या मर्जीने आडवा वाहत नाही. मग त्यांना गर्डर उचलण्याचा आदला दिवस आठवला.

खाली येऊन त्यांनी लिफ्टची चावी खिशात टाकली आणि दारवाल्याला म्हणाल्या, "जावईबापूंना अवजारांच्या खोलीत पाठवा. साहेबांनाही. बोल्ट कोणी काढले ते कळलं, आणि चूक दुसऱ्याच ठिकाणी आहे."

४

खोलीत चौघं जमले: बाई, साहेब, मिस्त्री आणि दाराशी अंग चोरून उभा असलेला जावईबापू. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"हे चार बोल्ट कोणी सोडवलेच नाहीत," बाई म्हणाल्या. "ते हाताने निघाले. रंगावर ओरखडा नाही, म्हणजे ते कधी आवळलेलेच नव्हते."

"पण माझी रेघ..." जावईबापू म्हणाला.

"तुमची रेघ होती. ती आडवी ओघळली आहे. गर्डर जमिनीवर जोडला तेव्हा तो कुशीवर झोपवलेला होता, आठवतंय? त्या दिवशी जे खाली होतं ते आज बाजूला आहे. म्हणजे लाल रेघ गर्डर जमिनीवर असतानाच ओढलेली."

साहेबांना अजून उमगलं नव्हतं. बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. गर्डरचे मोठे जोड जमिनीवरच आवळून तपासायचे होते. दाराची ब्रॅकेटं मात्र नुसती हाताने बसवून ठेवायची होती, कारण छताचं वजन आल्यावर गर्डर बोटभर खाली बसतो. तो बसला की मग दाराची पातळी लावून ब्रॅकेटं आवळायची. आणि सातवं ब्रॅकेट मधल्या जोडाला खेटून आहे.

"क्रेन दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, घाई होती," जावईबापू हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दोनशे बोल्ट तपासले मी त्या दिवशी. रेघा ओढत होतो. हात चालूच राहिला असणार. त्या चारांवर पाना न लावताच फिरला."

"पुढचं सांगते. पत्रे चढल्यावर मिस्त्रींची माणसं ब्रॅकेटं आवळत आली. सातव्यावर लाल दिसली. लाल आहे म्हणजे तपासून झालंय, म्हणून ती आठव्याकडे गेली. मग तुम्ही तपासत आलात, तुम्हालाही तुमचीच लाल दिसली, तुम्हीही पुढे गेलात. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला आणि तुम्ही स्वतःवर. मध्ये चार बोल्ट तसेच राहिले."

"मग काढले कोणी?" साहेबांनी विचारलं.

"ज्याला हँगर बिघडवायचा होता, त्याने दार साखळीने बांधलं नसतं. ज्याला स्वतःची चूक झाकायची होती, त्याने बोल्ट गुपचूप आवळून रेघ नवी ओढली असती. लाल ब्रश त्याच्याच खिशात आहे. तेव्हा जावईबापू नाहीत, दारवाला तर नाहीच. राहिला असा एक माणूस, ज्याला ते बोल्ट तिथे ठेवणंही जमत नव्हतं आणि कोणाचं नाव घेणंही." बाईंचा आवाज मऊ झाला. "मिस्त्री, आज सकाळी शेवटचा हात फिरवायला वर गेलात ना?"

मिस्त्रींनी बाकाखालून डब्याची पिशवी ओढली आणि चार बोल्ट टेबलावर मांडले. प्रत्येकाला त्याचा नट आणि वॉशर नीट लावलेला होता.

"नट बोटाने फिरला, बाई," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत माझ्या जोडाचा नट कधी बोटाने फिरला नव्हता. मी घाबरलो. आवळून टाकावे म्हटलं, पाना हातात घेतलासुद्धा. पण आवळले की लाल रेघ तुटणार. नवी ओढायची तर ह्यांना बोलवावं लागणार. आणि बोलावून काय सांगू? खोटं करा म्हणू? मी? जावयाला? खरं सांगा म्हणू, तर नोकरी जाणार आणि माझ्या लेकीचं घर उघड्यावर पडणार. दोन्ही शब्द तोंडातून फुटेनात."

"म्हणून काढून टाकले."

"भोकं रिकामी दिसली की कोणालाही नवे बोल्ट लावावेच लागतील, नव्याने तपासावेच लागतील. जुन्यांचं कोणी विचारणार नाही. हँगर पक्का होईल. माझं काय, चोर तर चोर." त्यांनी कपाळ पुसलं. "माझ्या माणसांचीही चूक आहेच. पांढरी रेघ नाही हे त्यांना दिसायला हवं होतं. मला दिसायला हवं होतं."

जावईबापू पुढे आला. त्याने खिशातला लाल ब्रश काढून बोल्टांशेजारी ठेवला. "बाबा, तुम्ही मला बोलवायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला, आणि सासऱ्याच्या शेजारी बाकावर बसला.

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा, झालं ते झालं. चोरी नाही, घातपात नाही. मिस्त्री सुटले. अर्धा तास आहे. चार बोल्ट आवळा, रेघा ओढा, विमान आत घ्या. अधिकाऱ्यांना हे पुराण कशाला?"

खरं तर बाईंनाही क्षणभर तेच वाटलं. बाहेर फुलांचे हार येऊन पडले होते, दूरच्या विमानतळावर विमान उडायच्या तयारीत होतं. अडीच वर्षांची वाट आणि अर्धा तास. पण एका ब्रॅकेटवर जे झालं ते आणखी कुठे झालं नाही कशावरून? ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते असल्याशिवाय ह्या छताखाली त्या माणसं उभी करणार नव्हत्या.

"माझा हँगर आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्याबद्दल मी अर्धवट सांगणार नाही."

५

अधिकारी ठरल्या वेळी आले. करड्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं; आडव्या ओघळांपर्यंत, डब्याच्या पिशवीपर्यंत. जावईबापूने स्वतःच्या तोंडाने आपला भाग सांगितला. मिस्त्रींनी आपला.

अधिकाऱ्यांनी चारही बोल्ट हातात घेऊन पाहिले. "विमान आज येणार नाही," ते म्हणाले. साहेबांनी डोळे मिटले. "एकूण बोल्ट किती?"

"तीन हजार एकशे चाळीस," बाई म्हणाल्या.

"सगळे पुन्हा तपासा. दुसऱ्या तपासनिसाकडून. आठ दिवसांनी येतो." निघताना ते थांबले. "मी एकोणीस वर्षं हे काम करतोय. लोक मला चुका शोधायला लावतात. तुम्ही पहिल्या आहात ज्यांनी ती ताटात वाढून दिली."

ते आठ दिवस साइटने कंबर कसली. दारवाल्याने न सांगता आपली माणसं दिली आणि तिसऱ्या पल्ल्याचा हिसका मोटरचाच होता हेही कबूल केलं. मिस्त्री पहाटेपासून गर्डरवर. जावईबापूकडून तपासणीचं काम काढून घेतलं होतं. त्याने आपण होऊन फिटरांच्या टोळीत नाव दिलं आणि सासऱ्याच्या हाताखाली पाना धरला. आठव्या दिवशी आकडा आला. तीन हजार एकशे छत्तीस बोल्ट चोख निघाले, एकही ढिला नाही. उरलेले चार नवे बसले. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि मग कोणी बघतंय का याची पर्वा न करता रडल्या.

सही झाली. दुपारी बाराला सहाही पल्ले लोण्यासारखे सरकले आणि पांढरं विमान पिवळ्या पट्ट्यावरून आत आलं. पंखांच्या दोन्ही टोकांशी जागा उरली, शेपटीवर जागा उरली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या त्या पत्र्यांत घुमत राहिल्या.

घरच्या माणसांनाही त्या दिवशी आत सोडलं होतं. मिस्त्रींची लेक गर्दीतून वाट काढत सरळ बापासमोर येऊन उभी राहिली. मिस्त्री खाली बघायला लागले.

"ह्यांनी मला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "बाबा, ह्यांच्या चुकीची मला लाज नाही वाटली. चूक झाली, ती निस्तरली. पण तुम्ही माझं घर वाचवायला चोर व्हायला निघालात? मला एवढं कच्चं समजलात? तुम्हाला चोर म्हणून बाहेर काढलं असतं, तर त्या घरात मी कोणत्या तोंडाने जेवले असते?"

"चुकलं माझं, पोरी," मिस्त्री म्हणाले.

"चुकलंच." तिने पदराने त्यांच्या कपाळावरचा काळा डाग पुसला. "आता दाखवा मला. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय, कधी बघितलं नाही."

मिस्त्री तिला विमानाच्या पंखाखालून मधोमध घेऊन गेले. बाई तिथेच मागे उभ्या होत्या. दुसऱ्याच्या कामाबद्दल तासन्‌तास बोलणाऱ्या ह्या माणसाच्या तोंडून 'हे मी केलं' असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मिस्त्रींनी हात वर करून छत दाखवलं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"बघ, एकही खांब नाही," ते लेकीला म्हणाले. "हे मी बांधलंय." मग त्यांनी मागे वळून गर्दीत जावयाला शोधलं आणि त्याला हाताने जवळ बोलावलं. "मी आणि ह्यांनी."